कापडी लंगोट की डिस्पोजेबल डायपर: आमच्या घरातल्या नोंदी (धायरी, पुणे)

१८ मे २०२५

डॉक्टरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. बाळाला लंगोट की डायपर यावर घरात एकमत नाहीये. सासूबाई मिरजेहून येतानाच पिशवीभर जुन्या सुती साड्या घेऊन आल्या, त्यांच्यापुरता विषय तिथेच संपला. माझी आई म्हणते दिवसा लंगोट, रात्री तुम्हाला काय जमेल ते बघा. बायकोच्या ऑफिसातल्या सगळ्या मैत्रिणींनी डायपरच वापरलेत आणि त्या सांगतायत की झोप हवी असेल तर दुसरा विचारच करू नकोस. बायको म्हणाली, "धुणार कोण ते आधी सांगा, मग मी मत देते."

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून नोंदी ठेवायला घेतोय. धुणं माझ्याकडे. बाळंतिणीने वाकून धुवायचं नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी जास्तीचे पैसे घेऊन धुतील पण कामाला येणाऱ्या बाईला आपल्या बाळाच्या शीचे कपडे धुवायला लावणं मला पटत नाही. आपल्या बाळाचं आपण धुवायचं, हे जमलं तरच कापडी वापरायचं, नाहीतर सरळ डायपर. लिहून ठेवायचं ते इतकंच की कातडीला काय सोसतं, पाणी किती जातं, पावसात वाळतं का, कचरा कुठे जातो आणि पैसे किती लागतात.

आज तुळशीबागेत जाऊन नाडीचे तयार लंगोट दोन डझन आणले, तीस ते पन्नास रुपये एक. मे महिना असून छत्री घेऊन जावं लागलं. ऑनलाइन कापडी डायपरची कव्हरं मागवलीत, बाहेरून पीयूएलचं म्हणजे आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असलेलं कापड, बाजूला टिचबटणं, आत कापडाची घडी किंवा शिवलेला जाड इन्सर्ट ठेवायचा.

२७ मे

कालच मान्सून पुण्यात आला म्हणून हवामान खात्याने जाहीर केलं, एरवी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे बाळाचे पहिले चार महिने पावसातच.

सगळं कापड वापरायच्या आधी धुवून घेतोय. नवीन सुती कापडाला खळ असते आणि सुताचा स्वतःचा मेणचट अंश असतो, तो जाईपर्यंत कापड पाणी शोषत नाही, थेंब टाकला तर वर गोळा होऊन बसतो. तुळशीबागेतले लंगोट चार-पाच धुण्यांनंतर कुठे शोषायला लागले. सासूबाईंच्या साड्यांचं तसं नाही, वीस-पंचवीस वर्षं धुतलेलं कापड, थेंब टाकला की गेला आत. त्यांनी चौकोनी तुकडे कापून कडा दुमडून मशीनवर शिवल्या, काही दुपट्यांना, काही लंगोटांना. जरीचा काठ सगळा बाजूला काढला, टोचतो म्हणून.

६ जून

परवा रात्री मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

हॉस्पिटलने न्यूबॉर्न साइजचं डायपरचं पाकीट आणायला सांगितलं होतं, तिथे तेच वापरलं आणि ते योग्यच झालं. पहिली शी काळपट हिरवी, इतकी चिकट की कापडातून निघाली नसती. आणि तिथे धुणार कुठे.

नर्सने सांगितलेलं लिहून ठेवतो: पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने चोवीस तासात किमान सहा वेळा शू करायला हवी, तरच दूध पुरतंय समजायचं. डायपरवर पिवळी रेघ असते ती ओली झाली की निळी होते, पण एकदा झाली की नंतर अजून किती वेळा केली ते कळत नाही. लंगोटात प्रत्येक वेळचं कळतं. पहिल्या महिन्यात दूध पुरतंय की नाही याचीच धाकधूक असते तेव्हा मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

१५ जून

घरी आल्यापासून दिवसा लंगोट. नाळ अजून पडलेली नाही म्हणून लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, वरून घासला नाही पाहिजे आणि हवा लागली पाहिजे.

आता धुण्याचं. दर तासाला शू, कधी अर्ध्या तासाने, साधा लंगोट ती धरत नाही त्यामुळे दुपटं ओलं, कधी झबलंही. शूचे लंगोट झाकणाच्या बादलीत कोरडेच टाकतो, भिजत ठेवत नाही. शीचे लगेच थंड पाण्याच्या धारेखाली, ते पाणी संडासात. गरम पाणी आधी घातलं की डाग पक्का बसतो, थंडच पाहिजे. नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळाची शी पातळ असते, धारेने लगेच निघून जाते, वाटलं होतं तेवढं अवघड नाहीये. मग सगळं एकत्र मशीनला, दिवसातून एकदा.

सासूबाईंना जावयाने लंगोट धुणं बघवत नाही. रोज सकाळी बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणतात, "राहू दे की ओ, मी करते, तुमास्नी ऑफिस आहे." मी म्हटलं, "आई, तुम्ही तिला मालिश करता ते मला येत नाही, हे येतं." तेव्हापासून वाळत घालताना चिमटे हातात देतात.

२१ जून

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला आहेत, आईला दर्शनाला जायचं होतं म्हणून भाऊ येऊन घेऊन गेला. आमच्याकडे हॉलमधे दोऱ्या. पाऊस थांबतच नाहीये, बाल्कनीत वारा येतो पण त्याच्याबरोबर पाणीही येतं.

सासूबाई म्हणाल्या त्यांच्याकडे पूर्वी शेगडीत निखारे घालून वर वेताची टोपली पालथी घालायचे आणि टोपलीवर लंगोट पसरायचे, बाळाचे कपडे कोरडे आणि उबदार दोन्ही व्हायचे. बंद फ्लॅटमधे बाळाजवळ धूर किंवा कोळसा नको हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय त्यामुळे तो मार्ग बंद. आत्ता फॅन आणि शेवटची ओल काढायला इस्त्री. इस्त्री फक्त सुती कापडाला, पीयूएलच्या कव्हराला चुकूनही नाही, आतला थर वितळतो.

२ जुलै

हे आत्तापर्यंतचं सगळ्यात कामाचं सापडलेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कव्हरबरोबर आलेले इन्सर्ट म्हणजे कापडाचे चार-पाच थर एकत्र शिवलेले. शोषतात झकास. पण या हवेत ते फॅनखाली दीड दिवस झाला तरी मधे गार लागतात आणि तसेच राहिले की कुबट वास धरतात. बाहेरचे थर आधी वाळतात आणि आतली ओल बाहेर यायला वाट नाही. सासूबाईंचा साडीचा चौकोन म्हणजे एकच पदर, आठ घड्या घातल्या तर त्या इन्सर्टइतकाच जाड होतो आणि तेवढीच शू धरतो, पण धुताना उलगडला की पुन्हा एकच पदर, दोन्ही बाजूंनी वारा. सकाळी घातला की दुपारच्या जेवणाच्या सुमाराला कोरडा, मुसळधार पाऊस असला तरी संध्याकाळपर्यंत नक्की.

म्हणजे शिवून जाड करायचंच नाही, घडी घालून जाड करायचं. कव्हर नवीन, आतलं कापड जुनं, आमच्यासाठी तरी हीच जोडी. दुपटी भिजायची थांबली, धुणं जवळपास अर्ध्यावर आलं. कव्हर प्रत्येक वेळी बदलावं लागत नाही, शी लागली नसेल तर पुसून परत वापरता येतं.

पुण्यात किंवा त्याहून जास्त पावसाच्या गावात कुणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगेन की जाड इन्सर्ट उन्हाळ्यासाठी ठेवा. या डायपरांच्या जाहिरातीत किती तास शोषतं ते असतं, किती तासात वाळतं ते कुणीच लिहीत नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं त्यावरच अडतं.

१३ जुलै

लंगोट कडक व्हायला लागलेत आणि सकाळच्या पहिल्या लंगोटाला डोळ्यात जाईल असा अमोनियाचा वास.

कारण पाणी. आमच्या सोसायटीत वापरायचं पाणी बोअर आणि टँकरचं, जड. जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर साबणाची साय धरते आणि ती धाग्यात बसते, कापड कडक होतं, शोषणं कमी होतं आणि त्या थरात शूचा अंश अडकून राहतो. मग जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, तो वास. साबणाची वडी बंद केली, मशीनचं लिक्विड मोजून घालतोय, आणि शेवटचं खळबळणं महापालिकेच्या नळाच्या पाण्यात. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे पण ते सकाळीच थोडा वेळ येतं, म्हणून बादल्या भरून ठेवायच्या. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचाही थर बसतो. आठवड्याभरात कापड मऊ पडलं आणि वासही गेला.

पाण्याचा मुद्दा खरा आहे, मी तो झाकणार नाही. उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीत रोजचं एक जादा मशीन म्हणजे पाणी जातंच. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादलीत धरून दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला वापरतोय, तेवढं तरी वाचतं.

२५ जुलै

रॅश आला. रात्रीच्या डायपरने आला असं सासूबाईंचं म्हणणं, लंगोट ओला राहिला म्हणून आला असं बायकोचं. दोघी दोन दिवस एकमेकींशी जेमतेम बोलत होत्या, मला ते बघवेना.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जांघेच्या घडीत बघितलं, घडी स्वच्छ होती, लाली सगळी फुगीर भागावर. घडीतही लाल असतं आणि बाजूने बारीक ठिपके असते तर बुरशीचा संसर्ग, त्याचं औषध वेगळं. हा साधा, ओलाव्याचा. त्यांनी समजावलं ते असं की शूच्या अमोनियाने कातडीवरचं आम्ल कमी होतं आणि मग शीमधली पाचक द्रव्यं जोर धरून कातडी खायला लागतात, म्हणजे शू आणि शी दोन्ही एकत्र जितका वेळ राहील तितकं वाईट, मग ते कापड असो की डायपर. डायपरमधली जेल शू ओढून घेते त्यामुळे कातडी कोरडी राहते हे खरं, पण कोरडं वाटतं म्हणून तो तासन् तास तसाच ठेवला जातो हेही खरं.

आता दिवसा दीड-दोन तासाने बदलायचंच, रडो न रडो. रोज दुपारी अर्धा तास काहीही न बांधता दुपट्यावर मोकळं ठेवायचं. झिंक ऑक्साइडचं क्रीम दिलंय, त्याचा तेलकटपणा लंगोटाला लागला तर कापड शोषत नाही म्हणून मधे मलमलचा एक तुकडा, तो वेगळा धुवायचा. तीन-चार दिवसात उतरलं. दोघी परत एका ताटात जेवायला लागल्या.

९ ऑगस्ट

आज राखी पौर्णिमा. बहीण येऊन गेली, नारळीभात झाला.

रात्रीचा एक डिस्पोजेबल आम्ही ठेवलाय, बायकोला सलग चार तास झोप मिळावी म्हणून, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. बाळंतिणीची झोप ही चैन नाही. पण त्या एका डायपरचं पुढे काय होतं हे बघायचं होतं म्हणून आज स्वच्छच्या ताईंशी नीट बोललो.

त्या रोज सकाळी ओला-सुका कचरा घ्यायला येतात. स्वच्छ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली. मी विचारलं डायपर कसा देऊ. त्या म्हणाल्या, "दादा, कागदात गुंडाळा, वरून लाल खूण करा आणि वेगळा हातात द्या. खूण नसली की मला वाटतं आत पुठ्ठा-बाटली काही असंल, मग मी उघडून बघते." त्या उघडतात, हाताने, कारण सुक्या कचऱ्यातून विकण्यासारखं निवडणं हीच त्यांची कमाई. ती लाल ठिपक्याची मोहीम पुण्यातच सुरू झालेली आहे, मी इतकी वर्षं ऐकून होतो पण हातात डायपर आल्याशिवाय तिचा अर्थ पोचला नव्हता.

कायदाही तेच सांगतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरलेत, ते नीट गुंडाळून द्यायची जबाबदारी आपली, आणि पाकिटाबरोबर प्रत्येक डायपरसाठी पिशवी किंवा वेष्टन द्यायला बनवणाऱ्यांना सांगितलंय. पुण्याचा तर या धंद्याशी जवळचाच संबंध, हगीजचा कारखाना इथेच सणसवाडीला. २०१३ मधे स्वच्छच्या कचरावेचकांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या भरून कंपन्यांना परत पाठवल्या होत्या, घ्या तुमचं आणि सांगा याचं काय करायचं, म्हणून. मला ते कृत्य अजूनही बरोबर वाटतं.

डायपर म्हणजे वर आणि बाहेर प्लॅस्टिक, आत लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिॲक्रिलेटची जेल. ना ओल्या कचऱ्यात कुजतो ना सुक्यातून विकला जातो. पावसात भिजला की फुगतो आणि ते सगळं वजन ताई ढकलगाडीवर ओढतात. आणि आत शी असेल तर तीही त्यांच्या हाताशी. म्हणून आता डायपरमधली शी आधी संडासात, मग घडी, चिकटपट्टी, वर्तमानपत्र, लाल स्केचपेनचा मोठा ठिपका. डायपर संडासात मात्र कधीच टाकायचा नाही, जेल फुगून पाइप तुंबतो.

दिवसरात्र डायपर वापरले असते तर आठ-नऊ रोजचे, महिन्याला अडीचशेच्या आसपास. आता तीस. धुणं माझ्या हातात आलं तसं हेही कुणाच्या तरी हातात जातंच आणि मला तो आकडा कमी ठेवायचाय, बाकीच्या सगळ्या कारणांच्या वर हे कारण आहे.

३० ऑगस्ट

गणपतीला मिरजेला आलोय. प्रवासात दिवसभर डिस्पोजेबल, सातारा रोडवर गाडीत लंगोट बदलत बसणं शक्य नाही. वापरलेले गुंडाळून वेगळ्या पिशवीत परत आणले, हॉटेलच्या मागे टाकले नाहीत.

इथे सासूबाईंनी एक सुरू केलंय, सकाळी दूध पिऊन झालं की पाय लांब करून दोन्ही पावलांवर बाळाला बसवायचं आणि "शूऽऽ" म्हणायचं. बऱ्याचदा शी तिथेच होते, लंगोट वाचतो. पुण्याला जाऊन मी शिकणार, बायकोला आत्ताच येतंय.

२४ सप्टेंबर

परवापासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. हजाराच्या पाकिटामागे साठेक रुपये. मेडिकलवाल्याकडे जुना माल आहे पण त्याने नवीन दराने दिला.

या निमित्ताने हिशोब. डायपर दहा रुपयाला एक धरला तर पूर्ण डायपरवर महिना अडीच हजार. आमचे लंगोट, कव्हरं, वायरचा वाळत घालायचा स्टँड मिळून साधारण तेवढ्याच दोन महिन्यांचे पैसे गेले, त्यात साड्या फुकट. लिक्विड आणि वीज महिन्याला दोन-तीनशे, रात्रीचे डायपर तीनशे. तिसऱ्या महिन्यात कापडी स्वस्त पडलं, पुढे फरक वाढत जाईल. पण माझा वेळ यात धरलेला नाही, रोज पाऊण तास जातो. ज्या घरात दोघं नोकरीला आणि तिसरं माणूस नाही तिथे तो पाऊण तास कुठून आणायचा, त्यांनी डायपर वापरले तर कुणीही त्यांना बोल लावू नये.

पर्यावरणाचं मेहुण्याने विचारलं, तो म्हणाला धुण्याची वीज धरली तर दोन्ही सारखंच ना. ब्रिटनच्या २००८ च्या सरकारी अहवालात खरंच जवळपास सारखं आलंय, एका बाळाच्या अडीच वर्षांचं डिस्पोजेबलचं ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आणि कापडीचं ५७०. पण त्याच अहवालात पुढे आहे की मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले तर कापडीचं ४० टक्क्यांनी कमी होतं, आणि सगळं ड्रायरमधे वाळवलं तर तितकंच वाढतं. आपल्याकडे ड्रायर कुणाकडे असतो. थंड पाणी, दोरी आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणारे लंगोट हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालूच आहे.

१९ ऑक्टोबर

ऊन! सगळे लंगोट गच्चीवर. पावसाळ्यात न गेलेले पिवळे डाग दोन दुपारींत फिके पडले, काही लावावं लागलं नाही. शीचा पिवळा रंग बिलिरुबिनमुळे येतो आणि तो उजेडात मोडतो. जाड इन्सर्टही बाहेर काढलेत, चार-पाच तासात खडखडीत. दिवाळीची साफसफाई चालू आहे पण त्यावर लिहायला वेळ नाही.

१६ नोव्हेंबर

उद्यापासून बायको ऑफिसला, २६ आठवड्यांची रजा संपली. बाळ पाळणाघरात, सासूबाई मिरजेला गेल्या.

पाळणाघराच्या काकू आधी लंगोटाला नाहीच म्हणाल्या, त्यांच्याकडे बरीच मुलं आहेत, त्यांचं बरोबर आहे. मग मी घड्या घालून कव्हरमधे बसवलेले तयार संच नेऊन दाखवले, डायपरसारखेच, नुसतं टिचबटण लावायचं. ओले झालेले चेनच्या पिशवीत तसेच टाकायचे, धुवायचे नाहीत, संध्याकाळी मी नेणार. शी झाली तर मात्र त्यांनी डिस्पोजेबल लावला तरी चालेल, त्यांच्याकडे एक पाकीट ठेवलंय. यावर त्या तयार झाल्या, महिनाभर बघू म्हणाल्या.

डिसेंबरात सहा महिने पूर्ण, वरणभाताचं पाणी, नाचणीची पेज सुरू होईल, मग शी घट्ट होणार आणि धारेने निघणार नाही. त्यासाठी संडासाच्या जेटची पाइप लांब करून घेतलीय आणि मलमलचे तुकडे वाढवलेत, तुकड्यावरची शी संडासात झटकायची आणि तुकडा धुवायचा.

चुलत बहिणीचे फेब्रुवारीत दिवस भरतायत. लहान साइजचे लंगोट आणि साडीचे चौकोन धुवून, उन्हात वाळवून तिच्या घरी पोचवले. कव्हरं नाही दिली, मांडीजवळचं इलॅस्टिक ढिलं पडलंय, ते बदलून मग देईन.